राऊळांचा पांढरा ओटा

राऊळ कुणाच्याही घरी गेला की आधी ओटा मोजायचा. देवाला नमस्कार नाही, "काय कसं काय" नाही, चपला काढल्या की थेट स्वयंपाकघरात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची पोलादी पट्टी आणि पँटच्या मागच्या खिशात घडीची लाकडी. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझी बायको सुमन पोळ्या लाटत होती. हा गृहस्थ तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, कोपर वाकवून उभ्या राहा बघू." ती बिचारी लाटणं हातात धरून उभी राहिली. यानं ओट्यापासून कोपरापर्यंत मोजलं, मान हलवली आणि मी तिला उपाशी ठेवत असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"दीड इंच आणि दोन सूत उंच आहे. पाच वर्षांत खांदे जातील."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सुमनच्या खांद्यांचा विचार सुतांत करायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला राग आला. घर भाड्याचं, ओटा मालकाचा, आणि अपराधी मी?

"असेल थोडा उंच," मी म्हणालो.

"थोडा म्हणजे किती? मोजून बोला."

हे त्याचं पालुपद. पाऊस जोरात आहे म्हणा, आंबे महाग झाले म्हणा, "मोजून बोला." अंधेरीच्या एका कारखान्यात तो टूलरूममध्ये फिटर होता. तिथे केसाएवढ्या फरकानं काम फुकट जातं हे मला मान्य आहे. पण म्हणून माणसानं सुट्टीच्या दिवशीही केस मोजत फिरावं?

आमची ओळख झाली ती सोसायटीमुळे. गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या वाटेवर, सोळा बिऱ्हाडांची आमची बिल्डिंग तेव्हा उभी राहत होती आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे पद मी मागितलं नव्हतं. निवडणुकीच्या सभेला उशिरा पोचलो, तोवर बाकीच्यांनी ते मला देऊन टाकलं होतं.

त्या काळी आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी स्टोव्ह किंवा शेगडी, आणि त्यापुढे पाटावर बसलेली बाई. त्यामुळे 'उभ्याचा ओटा' म्हटलं की बायकांचे चेहरे उजळायचे. पुरुषमंडळी नव्या घरात हवा किती, उजेड किती हे बघायची; बायका थेट ओट्याचं विचारायच्या. आमचे कॉन्ट्रॅक्टर वेलजीभाई यांनी सांगून टाकलं होतं, सगळ्यांना एकच ओटा. वर काळा कडप्पा, खाली दारांची कपाटं. "एकाला वेगळा दिला तर सोळा जण सोळा गोष्टी मागेल," ते म्हणाले. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि राऊळ उभा राहिला.

त्याचा अर्ज चार पानी होता, आकृत्यांसकट. त्याला ओटा हवा होता पांढऱ्या संगमरवराचा. पुढच्या कडेला अर्धा इंच उंच काठ हवा, पण कोपरा एकही टोकदार नको. कपाटांना दारंच नकोत. स्टोव्हचे तीन पाय बसतील असे दगडात तीन खळगे. भिंतीवर लाकडी फळी आणि तिला प्रत्येक डब्याच्या मापाचं गोल भोक, डबा त्यात बसला की हलता कामा नये.

"पांढरा?" कुणीतरी ओरडलं. "अहो, हळदीचे डाग पडतील!"

"आणि काळी कढई काळ्या ओट्यावर ठेवली, तर दिसणार कशी?"

"डोळ्यांनी!"

सभा खो खो हसली. राऊळ हसला नाही. मी विचारलं, "अहो राऊळ, हे सगळं कशासाठी? अर्जात कारण लिहिलेलं नाही."

"माका तसोच होयो," तो म्हणाला. रागावला की तो मालवणीत शिरायचा. "नसेल होणार, तर माझी चावी तुमच्याकडेच ठेवा. मी परळ सोडत नाय."

आता सांगा, संताप येईल की नाही? परळच्या चाळीतल्या एका खोलीत या माणसाच्या बायकोनं बावीस वर्षं काढली होती. मी एकदा कागदावर सह्या घ्यायला तिथे गेलो होतो. शेवंतीवहिनी मोरीशेजारी बसून भाजी चिरत होत्या. बाई अगदी शांत, हसतमुख. मी नव्या घराचं विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "भावजी, माका मराच्या आधी माझ्या घरात उभ्यान रांधूचा आसा. बाकी काय नको." आणि हा शहाणा संगमरवरासाठी तिच्या तोंडचा घास काढून घ्यायला निघाला होता!

शेवटी त्या बाईसाठी मी एक गुन्हा केला. कमिटीला न विचारता वेलजीभाईंना सांगितलं, त्याला काय हवं ते करू द्या. वेलजीभाईंनी हात जोडले आणि गवंडी देऊन टाकला. बाकीचं काम राऊळनं स्वतः केलं. दर रविवारी परळहून यायचा, दगडाच्या कडा तासन् तास घासायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा. मी एकदा बांधकाम बघायला गेलो तर गवंडी कपाळाला हात लावून बाहेर बसलेला. "साब, ये आदमी आँख बंद करके घूमता है," तो म्हणाला. मी आत डोकावलो. राऊळ खरंच डोळे मिटून, ओट्याच्या काठावरून हात सरकवत, दारापासून नळापर्यंत जात होता आणि परत येत होता. पावलं मोजत होता. मी खाकरलो, तसा डोळे उघडून म्हणाला, "नळ तीन इंच अलीकडे हवा होता. वाट लावली तुमच्या माणसांनी."

सोळापैकी एक नळ, तीन इंच, आणि माझी माणसं! मी तडक जिना उतरलो.

राहायला आल्यावर तर त्यानं हद्द केली. त्याच्या स्वयंपाकघरात वस्तू हलवायची नाही, हा कायदा. डबा ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत. सांडशी खिळ्यावर, खिळा डावीकडून दुसरा. सुमन एकदा विरजण मागायला गेली आणि बोलता बोलता तिनं तुपाची बरणी डावीकडची उजवीकडे ठेवली. राऊळ बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि चार बायकांदेखत तिच्या अंगावर ओरडला. सुमन घरी आली ती धुमसतच.

"बाई आहे की मशीन आहे ती? स्वतःच्या घरात मिठाचा डबा इकडचा तिकडे करायची सोय नाही तिला! आणि त्या काय म्हणतात माहीत आहे? 'त्यांका सगळा जागच्या जागी लागता. माका सवय झाली.' तुम्ही सेक्रेटरी कशाला झालात हो?"

या प्रश्नाचं उत्तर मलाही हवं होतं.

मग एका रविवारी सकाळी राऊळकडे सत्यनारायण झाला. सगळी बिल्डिंग लोटली, आणि सगळ्या बिल्डिंगनं तो पांढरा ओटा बघितला. खिडकीतून ऊन आलं होतं आणि ओटा लखलखत होता. बायकांनी त्यावरून हात फिरवला आणि मग आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं. तीर्थप्रसाद होईतो गॅलरीत कमिटी जमली होती. "याला पांढरा आणि आम्हाला काळा का?" "दिला कुणी?" मी मान खाली घालून उभा. तिथल्या तिथे ठरलं, की महिन्याभरात राऊळनं ओटा काढून इतरांसारखा बसवावा, नाहीतर सोसायटी तोडून टाकेल. पत्र मी लिहायचं आणि आजच द्यायचं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. म्हटलं, बरी जिरली.

चार वाजता पत्र खिशात घालून गेलो. पाहुणे गेले होते. राऊळ सोवळं सोडून लेंग्यात बसला होता. "बसा सेक्रेटरी," म्हणाला आणि आत हाक मारली, "गो, चाय हाड!" मी पत्राला हात घातला, पण म्हटलं आधी चहा होऊ दे. नोटीस देऊन मग चहा पिणं बरं दिसत नाही.

वहिनी दोन कप घेऊन आल्या, हसतमुखानं ठेवले आणि राऊळशेजारी उभ्या राहिल्या. मी घोट घेतला. चहा खारट होता. नुसता खारट नाही, समुद्र होता. सकाळी बिल्डिंगमधल्या बायकांनी मदत म्हणून सगळे डबे घासून पुसून फळीवर लावले होते. मीठ आणि साखरेचे डबे एकाच मापाचे, शेजारी शेजारी. ते उलटसुलट बसले, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात राऊळकडे लक्ष गेलं.

राऊळ चहा पीत होता. शांतपणे, एकेक घोट. कपावरून त्याचे डोळे माझ्यावर रोखलेले होते आणि त्या डोळ्यांत, गेल्या तीन वर्षांत कधी पाहिली नव्हती अशी, विनवणी होती.

"साखर बेताची झाली ना?" वहिनींनी विचारलं.

"झकास," राऊळ म्हणाला आणि कप रिकामा केला.

वहिनी आत गेल्या. मी पहिल्यांदाच त्यांची चाल पाहिली. डावा हात भिंतीला, मग चौकटीला, मग ओट्याच्या काठाला. बोटं त्या गुळगुळीत काठावरून सरकत नळापर्यंत गेली आणि थांबली.

"दिसत नाय तिका," राऊळ अगदी हळू म्हणाला. "आणखी कमी होत जाणार, असं डॉक्टर म्हणतात."

"कधीपासून? मला बोलायचं होतंत. मी कमिटीला..."

"तिनं मलाच सांगितलेलं नाय. एकटी जाऊन दाखवून आली. केसपेपर तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता, तो मिळाला मला. तिला वाटतं मला ठाऊक नाय. तिला भीती आहे हो. मला कळलं तर मी तिला स्वयंपाकातून उठवीन, गावाहून बहिणीला आणून बसवीन. बावीस वर्षं वाट बघितली तिनं या ओट्याची. तिला उठवू? त्यापेक्षा लोक मला येडा म्हणतात ते बरं."

मी विचारलं, "किती दिसतं त्यांना?"

राऊळनं सवयीनं शर्टाच्या खिशाकडे हात नेला. पट्टी तिथेच होती. ती न काढता त्यानं हात खाली घेतला.

"ता मोजूक येणा नाय," तो म्हणाला.

आतून वहिनींनी विचारलं, "भावजी, आणखी घोटभर देऊ?"

माझा कप अजून अर्धा भरलेला होता. मी तो तोंडाला लावला आणि संपवला. "द्या वहिनी. मस्त झालाय."

पत्र मी खिशातून काढलंच नाही. संध्याकाळी कमिटी जिन्यात वाट बघत होती. मी म्हणालो, ओटा निघणार नाही. कारण विचारलं. मी म्हणालो, कारण सांगणार नाही, आणि पुन्हा कुणी त्या ओट्याचं नाव काढलं तर सेक्रेटरी दुसरा शोधा. असा ओरडलो की तिसऱ्या मजल्यावरची दारं उघडली. घरी येऊन सुमनला बजावलं, राऊळांच्या घरातला चमचाही हलवायचा नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला पण त्यांचं वारं लागलं की काय?"

"लागलं," मी म्हणालो आणि तांब्याभर पाणी प्यायलो.

पुढच्या रविवारी राऊळकडे गेलो, तेव्हा तो मिठाच्या डब्याच्या झाकणावर कानशीनं एक बारीक खाच पाडत बसला होता. वहिनींनी कसला आवाज म्हणून आतून विचारलं.

"काय नाय गो," तो ओरडला. "झाकण वाकडा होता, सरळ करतंय."