तिडके अण्णांना शत्रू पाहिजे

तिडके अण्णा शर्टाच्या आत कमरेला पिस्तुलाचं चामडी पाकीट बांधून हिंडतात आणि त्यात चष्मा ठेवतात. पिस्तूल यायचं होतं, पण पाकीट त्यांनी आधीच शिवून घेतलं. "सवय पाहिजे ना भो," म्हणाले. मागून मोटरसायकल जोरात आली की अण्णांचा हात झटकन शर्टात जातो आणि चष्मा घेऊन बाहेर येतो. मग ते तो लावून गाडीचा नंबर वाचतात. तोवर मी कंपाउंडच्या भिंतीला चिकटलेला असतो. मी मुळातच भित्रा. आमच्या घरी कुकर शिट्टी देणार असला तर बायको मला आधी हाक मारून सांगते.

अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. जन्मभर नट-बोल्ट तपासून पास की रिजेक्ट ते ठरवलं, आणि रिटायर झाल्यावर आमच्या मागे लागले. कोपऱ्यावरचा चहा पास, सोसायटीचा वॉचमन रिजेक्ट, माझी सून पास. मी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "रिवर्क." म्हणजे अगदीच टाकाऊ नाही, थोडं घासलं तर चालून जाईल. माझ्या बायकोला हा शब्द इतका पटला की ती अजून वापरते.

पिस्तुलाचं खूळ कुठून आलं ते सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात अण्णा आणि मालतीवहिनी भाजी घेऊन परतत होते. मोटरसायकलवरून दोघं आले आणि वहिनींचं मंगळसूत्र ओढून पसार झाले. वहिनी पडल्या, गळ्यावर वळ उठला. अण्णा जागच्या जागी उभेच. घरी आल्यावर वहिनी रडता रडता बोलून गेल्या, "आणि तुमच्या हातात काय, तर मेथीची जुडी."

वळ गेला, पण वहिनींनी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं सोडलं. देवळात नाही, लेकीकडे नाही, समोरच्या दुकानात कोथिंबिरीलासुद्धा नाही. अण्णांनी ते मेथीचं बोलणं जसंच्या तसं मनाला लावून घेतलं. हातात मेथी होती हीच चूक, तेव्हा आता हातात दुसरं काहीतरी पाहिजे. "खिशात वस्तू आली ना, की मालती येईल फाटकाबाहेर. बघाच तुम्ही," ते मला सांगायचे.

पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज भरायला अर्थातच मी. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होतो, म्हणून लोकांना वाटतं मला कायदा कळतो. मलाही अधूनमधून तसं वाटतं. अर्जात एक प्रश्न होता, पूर्वी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय. मी बिनदिक्कत 'नाही' लिहायला घेतलं तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "हाय की."

मी खुर्ची जरा मागे सरकवली.

झालं होतं असं, की तरुणपणी अण्णा रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर गेले होते. रहाड म्हणजे जमिनीत खोल बांधलेला हौद. वर्षभर बुजवलेला असतो, त्या दिवशी उघडून रंगानं भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. काठावर एक माणूस कोरडा ठणठणीत उभा. अण्णांना वाटलं, लाजतोय बिचारा. त्यांनी प्रेमानं ढकलून दिला. तो साध्या कपड्यातला हवालदार निघाला. "वर आल्यावर त्यानं पहिली खिशातली शिट्टी काढली," अण्णा म्हणाले, "पण ती वाजंना. नुसता रंगच निघाला." कोर्टात दंड झाला.

"कशाला लिहिता, कुणाला आठवतंय?" मी म्हणालो.

"माप खोटं लिहायचं नाय," अण्णा म्हणाले.

मग मी घसा खाकरून त्यांना समजावलं की ज्याला एकदा शिक्षा झाली त्याला हत्याराचा परवाना मिळत नसतो. कायदाच आहे तसा. हा कायदा मी त्याच क्षणी केला होता. अण्णांचा चेहरा पार उतरला, तरी त्यांनी खरं तेच लिहायला लावलं.

पुढे चौकशीला एक पोलीस बाई आल्या आणि त्यांनी माझी विद्वत्ता मोडीत काढली. "अहो काका, इतक्या जुन्या, नुसत्या दंडाच्या प्रकरणानं काही अडत नाही. मारामारीत तुरुंगात जाऊन आला असता तर गोष्ट वेगळी. मला एवढंच सांगा, तुमच्या जिवाला धोका कुणापासून?"

अण्णांनी मंगळसूत्राचं सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यासाठी पिस्तूल देत नाहीत. कुणी ठरावीक माणूस जिवावर उठलाय का?

अण्णा विचारात पडले. "जाधवांशी पार्किंगवरून बोलणं बंद हाय."

तेवढ्यात जाधव दारात. हातात द्राक्षांची पेटी. "अण्णा, बागेतली आलीत, ठेवून घ्या." बाईंनी चार द्राक्षं तोंडात टाकली आणि माझ्याकडे पेन रोखलं. "यांच्यापासून काही?" मी एकदम ताठ बसलो. बाईंनी मला क्षणभर पाहिलं आणि वही मिटली. साधं नावसुद्धा विचारलं नाही. धोकादायक तर सोडाच, मी नोंद घेण्यासारखाही नव्हतो.

शनिवारी उत्तर आलं. जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर. अण्णा माझ्या ओट्यावर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "एवढं आयुष्य काढलं, पण एक शत्रू जमला नाय," म्हणाले आणि हसले. मग हसणं थांबलं. "आता तिला काय सांगू?" मला फार वाईट वाटलं. एरवी मी सल्ल्याला कधी मागे नसतो, पण तेव्हा नुसती त्या पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत म्हणून मला घेऊनच ते घरात शिरले. वहिनी मटारच्या शेंगा सोलत होत्या. "आलं का उत्तर?"

"रिजेक्ट," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले.

"का?"

आपल्याला मारायला कुणीही तयार नाही, हे कुठल्या नवऱ्याला बायकोपुढे सांगवेल? अण्णा चाचरले. "त्या रहाडीच्या भानगडीमुळं. गुन्हेगार हाय म्हणे मी."

मी तोंड उघडलं तेवढ्यात अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला.

वहिनींनी ताट बाजूला सारलं. "गुन्हेगार? त्या हवालदाराला पोहता येत नव्हतं. सगळे हसत होते आणि तुम्ही शर्टासकट उडी मारून त्याला वर काढलंत. मी मामाच्या गॅलरीत उभी होते. त्याच दिवशी बाबांना सांगितलं मी, ते बँकवाल्याचं स्थळ नको, हाच पाहिजे."

"हे कधी बोलली नाय तू," अण्णा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं? आणि कोर्टानं तरी मला कुठं विचारलं? आता मीच सांगते जाऊन. माझ्या नवऱ्याला गुन्हेगार म्हणतात म्हणजे काय."

त्यांनी पदर खोचला, कपाटाखालून चपला ओढून काढल्या, पायरीवर आपटून झटकल्या, आणि बोलता बोलता फाटक उघडून रस्त्यावर आल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. अण्णांच्या मात्र आलं. ते दारातच थांबले आणि उघड्या फाटकाकडे बघत राहिले.

"वहिनी, पण आज रविवार, कचेरी..." मी म्हणालो आणि अण्णांच्या टाचेखाली दुसरा पायही गमावला. निदान मदत करावी म्हणून मी समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. अण्णा धावत पुढे गेले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "जा भो तू. आम्हाला कुठंच जायचं नाय."

वहिनी चौकापर्यंत पोचल्या होत्या. मागे न बघता त्यांनी विचारलं, "कुठून जायचं?"

कचेरी उजवीकडे वळून सरळ गेलं की लागते. अण्णांनी डावीकडे बोट केलं.

"इकडून. जरा लांब पडतं."