पायऱ्यांची फुलं

बालय्यामामांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ते ती आधी उलटी करून बघतात. ताटात भाकरी पडली की तिची पाठ बघणार, मग मोडणार. लग्नात नवरीचा शालू आवडला तर पदर आतून बघायला मागणार. आमच्या ओळीतल्या सुगंधाबाईंनी एकदा त्यांना आपला नवा जावई दाखवला. मामा त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, खालवर बघितलं आणि म्हणाले, "पाठीनं बी बरा हाय."

याला कारण आहे. मामांचा सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. आमच्या सोलापूरच्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते. सुलट बाजूला पांढऱ्यावर लाल फूल असलं तर उलटल्यावर तेच फूल लालवर पांढरं दिसतं. मामा नक्षीचे पुठ्ठे पाडायचे. चौकोनाचौकोनांच्या कागदावर फूल काढलेलं असतं. ते घर घर वाचत पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मग तो पुठ्ठा मागावर चढला की चादरीत फूल उठतं. त्यामुळे ज्याला एकच बाजू आहे ती वस्तू अर्धी, हे मामांचं मत ठाम आहे.

मामांच्या आणि माझ्या खोलीत भिंत एकच. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी विड्या वळत बसले होते, तर मामा दारात. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश.

"अक्का, जरा तुमची भिंत दाखवा."

"का ओ मामा?"

"मी माझ्या बाजूनं फूल काढायलोय. तुमची बाजू कोरी ठेवली तर फूल अर्धं राहतंय की."

मला पटकन नाही म्हणता येत नाही. मी नुसतं विड्यांचं सूप उचललं आणि बाजूला सरकले. मामांना तेवढं पुरलं.

हे फुलांचं वेड निघालं ते लक्ष्मीमामींमुळं. मामींचे गुडघे दुखायला लागले म्हणून लेकानं त्यांना उन्हाळ्यात पुण्याला नेलं. तिथं आठवा मजला, बाल्कनी. मामी फोनवर म्हणाल्या, "सोलापूरच्या खोलीत मान इकडं केली तरी भिंत, तिकडं केली तरी भिंत. हितं निदान खाली कुत्री फिरताना दिसतात." लेकाचं म्हणणं, सोलापूरची खोली सोडा आणि दोघंही इकडंच या. मामींनी सांगितलं, "मी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येते. राहावंसं वाटलं तर राहीन. न्हाई तर तुमी बोचकं बांधा."

मामा हादरले. पुण्यात त्यांनी दोनच रात्री काढल्या होत्या, त्याही जागून. "अक्का, मागाचा आवाज न्हाई, काय न्हाई. झोप कशी लागावी?" ते मला म्हणाले. "भिंतीला कंटाळलीय ना ती? मग भिंतच ठेवत न्हाई मी. सगळी बाग करतो."

मग सुतळी निळीत भिजवून ती भिंतीवर ताणायची आणि टण्णकन सोडायची, असं करत त्यांनी आख्ख्या भिंतीवर चौकोन पाडले. मामांना फूल येतं ते चौकोनातलंच. गोल पाकळी त्यांच्या हातानं होतच नाही. पहिलं फूल झाल्यावर सुगंधाबाई बघायला आल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मामा, हे फूल हाय का जिना?"

"लांबून बघा. जवळून चादर बी अशीच दिसते."

"लांबून कुटनं बघू? खोली दहा बाय दहाची!"

"बाहेर व्हा. अजून मागं. अजून."

सुगंधाबाई मागं सरकत सरकत गटार ओलांडून पलीकडं गेल्या, सायकल दुकानाच्या पायरीवर चढल्या. तिथून उघड्या दारातून बघितलं आणि तोंडावरचा पदर खाली आला. तिथून खरंच फूल दिसत होतं, मोठं, आठ पाकळ्यांचं. पण हार मानतील तर त्या सुगंधाबाई कसल्या! तिथूनच ओरडल्या, "मग मामींची खाट हितं टाकायची का, दुकानात?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकोन बारीक केले, म्हणजे खोलीत बसूनही फूल फूल दिसावं. घरं वाढली तसा घोळ वाढला. एक पाकळी सुजली, एक पान देठाला सोडून गेलं. मामा ब्रश घेऊन माझ्या दारात आले.

"एकट्यानं जमंना झालंय, अक्का. एकानं वाचायचं, एकानं भरायचं, अशीच सवय हाय मला. घरी पुठ्ठे आणायचो तेव्हा तुमची मामी वाचायची. तुमी वाचा की."

"मला कुठं येतंय मामा? माझी चौथीच झालीय."

"आकडे येतात ना? बास."

असं मी त्यांच्या खोलीत स्टुलावर बसून नक्षीचा कागद वाचायला लागले. दोन सोड, तीन भर. सोड म्हणजे घर कोरं सोडायचं, भर म्हणजे रंगवायचं. माझा आवाज मुळातच बारीक. त्यात परक्याच्या घरात.

"काय म्हणला?"

"तीन भर."

"मोठ्यानं! तुमची हाक मुंगीला ऐकू जायची, मला न्हाई. आजूबाजूला शंभर माग चालू असायचे, तरी तिचं मला ऐकू यायचं."

चार दिवसांनी मी एवढ्या मोठ्यानं "पाच भर!" म्हणाले की सुगंधाबाई धावत आल्या, भांडण लागलं असेल म्हणून. मीच दचकले. पण खरं सांगायचं तर मला मजा आली. इतक्या मोठ्यानं मी माझ्या घरातही कधी बोलले नव्हते.

खोली भरत आली. चार भिंती, कडेनं वेल. तेवढ्याच वेळात माझ्या भिंतीवर उलटी बाग, लालवर पांढरी. मी विड्या वळताना मान वर केली की ती दिसायची आणि काम जरा हलकं व्हायचं. मामांच्या खाटेच्या उशाशी तेवढी हातभर जागा कोरी राहिली होती. मी म्हणाले, "तेवढंही वाचते, आज होऊन जाईल." मामा कागदाची घडी करत म्हणाले, "र्‍हाऊ द्या. रंग संपलाय."

मामी आल्या. रिक्षातून उतरल्या त्या गुडघ्यावर हात ठेवत सरळ माझ्याच खोलीत शिरल्या. या माणसाबरोबर संसार केलेली बाई, उलटी बाजू आधी बघणार हे मला कळायला हवं होतं. मामा मागं उभे, टोपी हातात चुरगाळत. मामींनी भिंतीवर बोट फिरवलं, ओठांत मोजलं.

"हे फूल कोण वाचलं?"

"मी," मी म्हणाले.

"एक घर जास्तीचं भरलंय."

"तवा अक्कांचा आवाज बारीक होता," मामा घाईनं म्हणाले.

मामी पलीकडं गेल्या, तिथली पाकळी बघितली, परत आल्या. "दोन्हीकडं सारखंच चुकलंय. मग बरोबर हाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग त्या आपल्या खोलीत खाटेवर बसल्या. मी दारातच थांबले. मामींनी चारी भिंती बघितल्या, एकेक, सावकाश.  शेवटी त्यांची नजर उशाशी आली.

"एवंडी," त्यांनी घरच्या तेलुगूत 'अहो' म्हणून हाक मारली, "हे कोरं का?"

"रंग संपला."

मामींनी पाय लांब केला, तर खाटेखालच्या रंगाच्या डब्याला लागला. डबा जागचा हलला नाही, इतका भरलेला. मामी मामांकडं बघत राहिल्या. मामा छताकडं.

"माझा चष्मा काढा पिशवीतनं," मामी म्हणाल्या. "आणि कागद द्या."

मी माझ्या खोलीत येऊन बसले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आकडे यायला लागले, तेलुगूत, खणखणीत. मधेच फोन वाजला. लेकाचा असणार.

"व्हय, पोचले. पाडव्यापर्यंत हाय मी हितं." मामींचा आवाज जरा थांबला. "कुठला पाडवा म्हणतोस? औंदाचा का फुडचा, ते कुटं बोलले मी? ठेव आता, काम चालू हाय."

मग मामी म्हणाल्या, "पुढचं वाचू?" डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज आला. 

"वाच," मामा म्हणाले. त्यांचा आवाज त्या वेळी माझ्यापेक्षाही बारीक होता.