राम राम घालणारा प्रोग्राम

आयुष्यात मी एकच सेमिकोलन मनापासून टाकला आणि तो नको तिथं टाकला. तोसुद्धा स्वतःच्या घरात नाही, शेजारच्या वामनरावांच्या प्रोग्राममध्ये.

पुसदला आमच्या भिंतीला भिंत लागून वामनराव गावंडे राहतात. सत्तरीकडं झुकलेले. काकू वारल्या, एकुलती एक वर्षा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत. अशा वयात माणूस देवळात बसतो, नाहीतर सुनेच्या चुका काढतो. वामनरावांना सून नाही. ते 'सी' शिकले. सी म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा.

वर्षानंच एका संकेतस्थळावर त्यांचं नाव घालून दिलं. तिथं गणितं मिळतात. आपण प्रोग्राम लिहून पाठवायचा. मग तिथला 'जज', म्हणजे एक मशीनच, त्यात आकडे घालून बघतो आणि आलेलं उत्तर स्वतःच्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. जुळलं की हिरवं, नाही जुळलं की लाल. कुठं चुकलं ते मात्र सांगत नाही. "आमचे एक साहेब होते असेच," वामनराव म्हणतात. "चूक हाय म्हणत, कोणती ते मरेपर्यंत नाही सांगितलं."

वामनरावांचं दर रविवारी लाल व्हायचं आणि ते तिकडं वर्षालाही दिसायचं. गणित तरी काय, दिलेल्या आकड्यांची बेरीज! मी पडलो कॉलेजच्या ऑफिसातला माणूस, त्यातून तरुणपणी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्याचं सर्टिफिकेट अजून फ्रेममध्ये आहे, ज्ञान तेवढं फ्रेमबाहेर निसटलं. एका रविवारी मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "वामनराव, ही ओळ संपली ना? मग सेमिकोलन पाहिजे."

त्या ओळीत मशीनला हुकूम होता, की फेऱ्या मार आणि दर फेरीत एकेक आकडा उचलून बेरजेत टाक. माझ्या सेमिकोलननं हुकूम मध्येच तोडला. मशीननं फेऱ्या सगळ्या मारल्या, पिशवी मात्र जवळपास रिकामीच आणली. मी बाजारात जाऊन येतो, तसं. पुन्हा लाल.

दुपारी वर्षाचा फोन आला. भिंतीपलीकडून वामनरावांचं हसणं ऐकू येत होतं आणि मी अलीकडं उशीत तोंड खुपसून पडलो होतो. संध्याकाळी हे गृहस्थ गरम आलुबोंडे घेऊन दारात!

"सुधाकरभाऊ, तुमची चूक लय दांडगी निघाली. तो सेमिकोलन काढा म्हणून पोरगी पाऊण तास समजावून राह्यली ना मले!"

मला वाटलं, टोमणा आहे. आलुबोंडे खाल्ले, पण मान खाली घालून.

आता या माणसाची मूळ खोड सांगायला हवी. वामनरावांची सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली. लोक विचारत, "अमकी गाडी किती वाजता?" वामनराव आधी म्हणत, "राम राम जी. कोणाकडं जाऊन राह्यले?" त्यांचा नियमच होता: आधी माणूस, मंग गाडी. एकदा फुलसावंगीची एक बाई आली. तिच्या माहेरची, सासरची, म्हशीची विचारपूस होईतो गाडी निघून गेली. वामनरावांनी तिला चहा पाजला, पुढच्या गाडीत जागा धरून दिली आणि वर म्हणाले, "या मंग." ती बाई पुढं पुसदला आली की गाडी विचारायची नसली तरी खिडकीशी येऊन जायची.

घरीसुद्धा त्यांचं टेबल खिडकीलाच लावलेलं. कॉम्प्युटर तिथंच. रस्त्यानं जाणाऱ्याला गजातून आधी राम राम, मग बाकीचं.

सेमिकोलनचा डाग धुवायचा म्हणून मी पुढचा रविवार त्या टेबलाशी बसलो. संकेतस्थळावर नमुन्याचं उत्तर होतं, एक आकडा, बस्स. आणि वामनरावांचा प्रोग्राम चालवला की पडद्यावर आधी उमटायचं, 'राम राम जी, किती आकडे आहेत?' मग, 'हे घ्या उत्तर.' मग आकडा. शेवटी, 'या मंग.'

मी ओरडलोच. "सापडलं! वामनराव, हे राम राम काढा. जजला फक्त आकडा पाहिजे."

"म्हणजे कोणी दाराशी आलं, तर आपण सीधा आकडा फेकून मारायचा?"

"अहो, माणूस नाही ते. मशीन आहे."

"मशीनच्या मागं कोणीतरी बसलं असंल ना?" ते पडद्याकडं बघत म्हणाले. "वर्षाबी हेच म्हणते. दर फोनले. बाबा, राम राम काढा."

"मग काढलं काहून नाही?"

ते माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.

मी ती संधी साधली. तिन्ही ओळी काढल्या आणि ते तांब्या घेऊन बाहेर येईतो पाठवूनही दिलं. हिरवं! मी टाळी वाजवली. वामनराव हिरव्याकडं बघत उभे राहिले. "वा," म्हणाले. तेवढ्यात मोबाईल टुणकन वाजला. वर्षानं तिकडं हिरवं पाहिलं होतं. एक अंगठा आला, खाली 'मस्त बाबा'.

आम्ही बसलो. त्यांनी मोबाईल टेबलावर सरळ ठेवला, मग उचलून खिडकीच्या गजाजवळ ठेवला.

"इथी रेंज बरी असते," ते म्हणाले.

मी बेरजेवर बोलत होतो. ते हं हं करत होते.

"सुधाकरभाऊ, तुमच्या फोनवरून मले एक घंटी मारा बरं."

मी मारली. मोबाईल खणखणीत वाजला.

"वाजते तर," वामनराव म्हणाले आणि बंद केला.

रस्त्यानं कुणी सायकलवरून गेलं. त्याला राम राम घालायचं त्या दिवशी राहून गेलं.

घरी आलो. आमची ही तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी छाती काढून सगळं सांगितलं, तिन्ही ओळी कशा शोधल्या, कसं हिरवं झालं, वामनरावांनी मोबाईल कसा वाजवून बघितला.

"वर्षाचा फोन आला असंल मंग?" तिनं विचारलं.

"फोन कशाला? अंगठा आला ना. पास झाले ते."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एरवी ते पोरगी सणावारीच फोन करते. नापास झाले की तेवढी बोलते. अन् तुम्ही त्याईले पास करून आले?"

मी टरफलं गोळा करायला लागलो.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "येत्या रविवारी जा, अन् तो तुमचा सेमिकोलन टाकून या."