काहीच न घेतलेला माणूस

दर रविवारी दुपारी सायमनबाबा रिकाम्या खोलीत सतरंजी अंथरतात आणि कुणीच नसलेल्या कोपऱ्याकडे पाहून म्हणतात, "बाई, लेकराले मांडीवर घे. फरशी गार हाये." मग येशूची गोष्ट सुरू होते. मधेच थांबून कान देतात, मान हलवतात. "नाही नाही, तसं नोयतं म्हटलं मी." त्या वेळी गावची कुत्रीसुद्धा त्या दारापुढून जात नाहीत, लांबून वळसा घेतात. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वळसा मीही घेतो.

आमचं गाव मोताळ्याजवळ. ती खोली म्हणजे मिशनचा बंद पडलेला दवाखाना. बाबा तिथले कंपाउंडर, प्रचारकही तेच. मिशन गेलं, बाबा राहिले. अजून कुणाला विळा लागला, ताप भरला की सायकल काढतात. पट्टी करतात, गोळी देतात, पेजही शिजवून नेतात. पण ज्याला मदत केली त्याच्यापुढं येशूचं नाव काढत नाहीत. "ज्याले गोळी देली, त्याले गोष्ट नाही."

शांताकाकूनं एकदा पारावर छेडलंच, "बाबा, आमच्या गुडघ्याले तेल देता, मंग तुमचा देव काऊन लपवता? आमी खाऊन टाकू का त्याले?"

"तुह्या गुडघ्यानं हो म्हटलेलं मले नाही पाह्यजे!"

पार हसला. मी मात्र वाद घातला. दोन्ही चांगलंच आहे, सोबत दिलं तर बिघडलं काय?

"पह्यले सोबतच देत होतो. आधी प्रार्थना, मंग औषध. एक बाई आली, कडेवर तापलेलं लेकरू. मी जे इचारलं त्याले ती हो म्हणे. माही गोष्ट काही सरेना. ती मले हो म्हणत नोयती बे, माह्या हातातल्या औषधाच्या बाटलीले म्हणत होती."

"मग?"

"लेकरू गेलं. बाई पुन्हा दिसली नाही. आता दर रविवारी इचारतो तिले. आता हातात बाटली नाही, आता खरं सांग."

"काय म्हणते?"

"इचार करून राह्यली."

मी वाद तिथंच सोडून पारावरून उतरलो.

बाबांना एकच आस होती. एखाद्या जित्या माणसाला ती गोष्ट सांगायची, ज्यानं त्यांचं काही घेतलेलं नाही. पण गावात असा उरला कोण? परवाच्या रविवारी मी छाती काढून दारात उभा राहिलो.

"बाबा, मी ऐकतो. बौद्ध आहे, बौद्धच राहीन, हे आधीच सांगतो. पण मी तुमचं काही घेतलेलं नाही. कुणाचंच नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. माझा हात धरून त्यांनी मला उंबऱ्यापर्यंत ओढलं. आणि एकदम सोडला.

"तुही माय अडली होती, तवा तुही नाळ मी कापली."

"ती मदत आईनं घेतली!"

"नाळेले दोन टोकं असतात, बे."

त्यांनी दार ओढून घेतलं. कडी मात्र लावली नाही. मी बाहेर ओट्यावरच बसलो, दाराकडे पाठ करून. आत गोष्ट सुरू झाली, थोड्या चढ्या आवाजात, तरी शब्द नीट कळेनात. मधेच थांबून ते कुणाला तरी हळूच म्हणाले, "दारातून सरक वं बाई. बाहेर आवाज गेला पाह्यजे."

आणि खरं सांगतो, तिथून पुढचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.