फोटोपुरतं स्टेशन

मन्मथअप्पांच्या माडीवर शिंकायला बंदी आहे. शिंक आलीच तर जिन्यात जाऊन द्यायची. एकदा माझ्या शिंकेनं त्यांचा बोटभर स्टेशनमास्तर रुळांवर आडवा झाला, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

नांदेडला आमच्या शेजारी त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. खाली ब्लाउजपीस, अस्तर, बटणं. वर माडीवर पाटाएवढ्या फळीवर रेल्वे स्टेशन. गाडी धावत नाही. पुढून इंजिन, मागून चपलांचा खोका. "फोटूत दिसतंय तेवढंच बांधायचं, सर. मागलं कोण बघून राहिलंय?" तारा शिलाईच्या दोऱ्याच्या, सिग्नलला शर्टाचं बटण, फलाटावरच्या कडुलिंबाला हिरव्या अस्तराच्या चिंध्या, आणि माती म्हणजे चहाचा वाळवलेला चोथा. तो आमच्याच घरून जातो. बायको म्हणते, त्यांच्या स्टेशनापायी आपला चहा वाढलाय.

मोबाइल उलटा धरून, गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून अप्पा बघतात. लगेच उठतात. "एक सूत चुकलं!" खांब सरकवतात, पुन्हा आडवे. खालून गिऱ्हाईक ओरडतं, "मोरपंखी अस्तर हाय का?" वरून उत्तर जातं, "हाय, पर थांबा, ऊन चाललंय!"

परवा रविवारी सगळं जमून आलं. खिडकीतलं ऊन बरोबर फलाटावर पडलं. मी म्हणालो, "काढा आता." अप्पांनी चिमट्यानं स्टेशनाच्या दाराच्या उजवीकडचा रांजण उचलला, डावीकडं ठेवला, फोटो काढला आणि पाठवूनही दिला.

"अहो, मघाशी बरोबर होतं की!"

"राहू द्या." मोबाइल मुठीत धरून ते येरझारा घालू लागले. खिडकीशी, जिन्याशी, परत खिडकीशी.

"झालंय काय?"

"मुरुडच्या अक्काचा फोन यायचाय."

मग चालता चालताच सांगितलं. वडील रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. ही बहीणभावंडं एका छोट्या स्टेशनावर वाढली. लाइन रुंद झाली तेव्हा ते पाडलं. फोटो एकही नाही. पुढं भाचीच्या लग्नात मानपानावरून अक्काशी वाजलं, आणि सात वर्षं बोलणं बंद. शेवटी अप्पांनी आठवून आठवून स्टेशन बांधलं, फोटो धाडला. पाच मिनिटांत फोन आला: "घंटा तिथं नव्हती." आणि ठेवून दिला.

"तवापासून काही ना काही चुकवतो. सगळं बरोबर धाडलं तर अक्का फोन कशाला करंल, सर?"

तेवढ्यात फोन वाजला. अक्कांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"मन्मथ, रांजण त्या अंगाला व्हता का रे? डोळे फुटले का तुझे?"

"चुकलं, अक्का."

"मागच्या फोटूत तर बरोबर व्हता."

अप्पा जागच्या जागी थांबले.

"बरं, ते जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "लिंब बी चुकलाय तुझा. सांगते, नीट ऐक."

अप्पा खाली बसले. फोनवर तळहात ठेवून माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "लिंब बरोबर हाय, सर. तिनंच सांगितल्याली जागा हाय."

मग तळहात काढून म्हणाले, "हां अक्का, सांग."