दोन पेट्या आणि सासऱ्यांचे कान

"स्पीकरचा बास जरा कमी वाटतोय," असं मी एका सकाळी दाढी करताना म्हणालो. एरवी मी दाढी करताना काही म्हणत नाही. नंतरही फारसं म्हणत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

बायको भाजी चिरत होती. "मग वाढवा," ती म्हणाली. बटण पिळलं की काम झालं, असं तिला वाटलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

स्पीकर सासऱ्यांनी लग्नात दिलेले. ते सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे. आता निवृत्त झालेत, पण कान अजून नोकरीत आहेत. पंचवीस वर्षं जुने स्पीकर, गुडघ्याएवढ्या पेट्या. देताना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, सांभाळा. वर्षभराने ऐकायला येईन." (मुलीबद्दल अशी काही मुदत घातली नव्हती.) मी नववीत शाळा सोडलेला, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारणारा, चारचौघांत पायाच्या अंगठ्याकडे बघणारा. मुलगी योग्य घरी पडली की नाही, याचा निकाल सासरे त्या पेट्यांवरून लावणार, हे मी मनाशी धरून बसलो होतो. वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते.

कारखान्यात सोफ्यांना कापड लावणारा एक जण आहे, त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो. (तो सातवीतच बाहेर पडला. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांचा अनुभव जास्त.)

"पेटी लहान पडतेय," त्याने निदान केलं. "बासला जागा लागते. जाडजूड माणूस ट्रंकेत बसवला तर श्वास घेईल का?"

मला पटलं. मला समोरच्याचं लवकर पटतं.

मी दुप्पट मोठ्या पेट्या केल्या. जाड प्लायवुड, कडेकडेने सरस, आत आडवे दांडे. जोडांतून हवा सुटता कामा नये, असं प्रोफेसरचं म्हणणं, म्हणून कागद शिरणार नाही असे जोड बसवले. आत कापूस भरायला हवा, असंही म्हणाला. घरातल्या चारही उशा गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत एक पेटी कारखान्यातच वाजवून बघितली. काय बास! टेबलावरचे खिळे नाचायला लागले. मालक केबिनमधून बाहेर आले आणि भूकंप नाही म्हटल्यावर परत आत गेले. मग दुसरी लावली. तीही तशीच. हातगाडीवर घालून दोन्ही घरी आणल्या, दोन्ही एकदम लावल्या.

बास गेला.

कमी झाला असं नाही. गेलाच. गाणारा माणूस शेजारच्या घरातून, नाक धरून गातोय असं वाटायला लागलं.

"मग दोष खोलीचा," प्रोफेसर म्हणाला.

मी खोली सुधारायला घेतली. पलंग भिंतीला उभा केला. कपाट दारामागे सरकवलं. टेबल स्वयंपाकघराच्या तोंडाशी गेलं, त्यामुळे बायको गॅसपाशी जायला टेबलाखालून वाकून जायची. चार दिवस ती तशीच ये-जा करत राहिली. पाचव्या दिवशी टेबलाखालूनच म्हणाली, "अहो, एकेक लावला तर नीट बोलतो ना?"

"छान बोलतो."

"आणि दोघं एकत्र आले की गप्प?"

"हो ना."

"मग लग्न झालंय त्यांचं."

मी पलंग आणखी जरा सरळ केला. ती मात्र टेबलाखालीच हसत बसली.

वर्ष भरलं त्या रविवारी सासरे आले. कपाटामुळे दार अर्धंच उघडलं, म्हणून तिरके होऊन आत आले. उभ्या पलंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एका स्टुलावर बसले. मी रेकॉर्ड लावली. त्यांनी दहा सेकंद ऐकलं.

"एक वायर उलटी जोडलीय."

"अं?"

"एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय, तेव्हाच दुसरा मागे ओढतोय. दोघांच्या ओढाताणीत बास मरतो. उलटसुलट होऊ नये म्हणून तर लाल आणि काळी वायर दिली होती. लाल कुठंय?"

(इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दाढीच्या आदल्या आठवड्यात मी भिंतीला पिवळसर रंग दिला होता. त्यावर लाल-काळ्या वायरी फार वाईट दिसत होत्या. पॉलिशवाल्याला ते बघवत नाही. मी वायरी काढून त्यांनाही रंगाचे दोन हात मारले आणि परत जोडताना अंदाजाने जोडल्या.)

"लाल आतमध्ये आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी एका स्पीकरची दोन टोकं उलटी करून लावली. आणि बास आला! भांड्यांनी मांडणीत जागा बदलल्या. उभा पलंग भिंतीवरून सावकाश घसरत खाली आला आणि आपल्या मूळ जागी जाऊन बसला.

रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत सासरे डोळे मिटून होते. मग म्हणाले, "जुन्या पेट्या कुठे आहेत?"

"आत आहेत."

"कशाच्या आत?"

"या पेट्यांच्या. कापून दांडे केले."

"त्या मी माझ्या हाताने केल्या होत्या," सासरे म्हणाले. "ही जन्मली त्या वर्षी."

आता बायकोही हसत नव्हती. मला उशा आठवल्या, का ते माहीत नाही.

सासऱ्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं आणि पेटीच्या जोडात घालून बघितलं. गेलं नाही. दुसऱ्या कडेला बघितलं. तिथेही नाही. "माझ्या जोडांत सबंध पाकीट गेलं असतं," ते म्हणाले आणि पेटीवरून हात फिरवला. "हात चांगला आहे रे तुझा."

जावईबापूवरून ते एकदम 'रे'वर आले! काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पंखा लावू?"

त्यानंतर सासऱ्यांनी सगळ्या नात्यात माझं कौतुक केलं, सगळीकडे एकाच वाक्यात. जावयाचा हात सोन्याचा आहे, फक्त त्याला वायरीपासून लांब ठेवा. तेव्हापासून प्रत्येक घरातून कपाटाचं, मांडणीचं काम येतं. परवा मावससासूबाईंकडे माप घ्यायला गेलो. अंधार होता म्हणून दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तर त्या आतून धावत आल्या, मला खुर्चीत बसवलं आणि बटण स्वतः दाबलं.