बटनरावची तेरावी चौकट

या उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता, परभणीतले निवृत्त टेलर रंगनाथमास्तर यांच्या कासवाच्या पाठीवरच्या बाराव्या चौकटीचा पापुद्रा सुटला. तेराव्या चौकटीची एक कड उचललेली होती. त्या वेळी जीप दारात उभी होती. शेजारच्या नूरचाचींच्या भाचीचं लग्न पाथरीला होतं आणि मास्तर इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. त्यांनी टपात वाकून पाहिलं, सदरा काढून खुंटीला लावला आणि जीप जाऊ दिली.

"कछवे के वास्ते शादी छोड रे तुम?" चाचींनी जीपमधून विचारलं.

"चाची, लग्नाला पाचशे माणूस हाय. याला मी एकलाच हाय."

कासवाचं नाव बटनराव. मास्तरांच्या नातीनं, ऋतुजानं, पुण्याच्या एका दुकानातून ते आणलं तेव्हा ते कोटाच्या बटणापेक्षा थोडंच मोठं होतं. कानामागे लाल पट्टा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा वास येतो अशी तक्रार झाली आणि पुढच्या सुट्टीत ते नातीबरोबर परभणीला आलं. सुट्टी संपली. नात परत गेली, कासव राहिलं. आज ते जेवणाच्या ताटलीएवढं आहे.

अशा कासवाचं कवच वाढतं तसा प्रत्येक चौकटीवरचा पातळ पापुद्रा सुटतो. कांद्याच्या सालीसारखा, उजेडात धरला तर आरपार दिसणारा. मास्तरांच्या भाषेत, "बटनराव जुनं कापड उतरवायलाय." या काळात काय करायचं हे त्यांनी एका पशुवैद्याला विचारलं होतं. डॉक्टरांची सगळी नोकरी म्हशी तपासण्यात गेली होती, पण त्यांनी कुठंतरी वाचून सांगितलं: स्वच्छ पाणी, सकाळचं ऊन, चढून बसायला वीट, मऊ ब्रश. तेल लावायचं नाही. पापुद्रा ओढायचा नाही.

मास्तरांनी ते कायद्यासारखं पाळलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पहिल्या दोन बादल्या बटनरावच्या. मास्तर स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात. अकरानंतर टपावर अर्धी छत्री उघडून ठेवतात, कारण आमच्याकडच्या उन्हात कासवही शिजेल. नूरचाची एकदा खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. "कैसा सूखा पड्या बिचारा. जरा लगाव की." मास्तरांनी वाटी घेतली, आभार मानले आणि ते तेल शिलाई मशीनला घातलं.

वर्षातून एकदा ते बटनरावचं माप घेतात. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, समोर मापाची वही. या वहीत निम्म्या मोहल्ल्याची पानं आहेत. "याच्यासारखं गिऱ्हाईक न्हाई," ते म्हणतात. "ट्रायल मागत न्हाई, दिवाळीच्या आदल्या दिवशी येऊन दारात बसत न्हाई."

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारात बसणाऱ्यांत माझे वडीलही असत. मास्तरांना घाई हा शब्द चालत नसे. "घाईचं काम न्हाई" असं ते ग्राहकाला तोंडावर सांगत. आमच्या शाळेची खाकी अर्धी चड्डी तेच शिवायचे आणि खाली आतल्या बाजूला दोन बोटं कापड मुडपून ठेवायचे. "लेकरू वाढायलाय, कापड वाढायचं न्हाई." दर जूनला आई ती मुडप उसवायची. खाली न विटलेल्या गडद खाकीची पट्टी दिसायची. वर्गातल्या बहुतेक पोरांच्या चड्डीला तशी पट्टी होती. कुणाची रुंद, कुणाची अरुंद. प्रार्थनेला रांगेत उभं राहिलं की कोण किती वाढला ते सरांना मागूनच कळायचं. माझ्या पट्टीला सगळे हसायचे, कारण ती पाचवीपासून सातवीपर्यंत तेवढीच राहिली.

पुढं मी वर्तमानपत्रात लागलो. तीस वर्षं उपसंपादक होतो. एक गोष्ट दोन माणसांकडून कळल्याशिवाय छापायची नाही, ही तिथली सवय. मास्तरांच्या बाबतीत मात्र ती मोडली.

बटनरावच्या पाठीवर, उजवीकडे मागे, एक चौकट वाकडी होती. मध्ये पांढरट वळ. बाकीच्या बारांचे पापुद्रे दर वर्षी सुटायचे, हिचा दहा वर्षांत सुटला नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर ती दाखवायचे. पोस्टमन, मीटर वाचणारा, कुरिअरवाला, कुणालाही. "ही माझी चूक. घाई केली. अर्धा सुटलेला पापुद्रा ओढला. रगत आलं." माणूस स्वतःविरुद्धच बोलत होता, म्हणून मी कधी तपासलं नाही. चाळीस वर्षं दोरासुद्धा हातानं न तोडता ब्लेडनं कापणाऱ्या माणसानं घाई कशी केली, हेही विचारलं नाही.

तर त्या गुरुवारी त्या तेराव्या चौकटीची कड उचलली होती. खाली नीट कवच असेल किंवा कुजलेलं असेल. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. मास्तर टपाशेजारी स्टूल टाकून बसले. संध्याकाळी चाची लग्नाहून मिठाईचा डबा घेऊन आल्या. राग होताच. "गिर्‍या क्या?"

"न्हाई."

"मेरी भांजी की बिदाई भी हो गई, मास्तर."

शुक्रवारी सुटला नाही. शनिवारीही नाही. मी म्हणालो, "जरा बोट लावून बघा की."

"पेपरवाल्या, हात मागं घे."

रविवारी सकाळी बटनराव विटेवरून पाण्यात उतरला आणि पापुद्रा वर तरंगला. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. खाली चौकट होती. कड जराशी वाकडी, पण गुळगुळीत, गडद, बाकीच्या बारांसारखी. त्यांनी पापुद्रा तळहातावर घेतला. मग म्हणाले, "तुझ्या फोननं फोटो काढ. ऋतुजाला धाड. खाली लिही, जागा भरली."

मी फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन वाजला. मी गल्लीत जाऊन बोललो. ऋतुजा आता एकोणीस वर्षांची आहे.

"काका, खाली जखम नाही ना?"

"नाही."

ती म्हणाली, "तो मी ओढला होता. नऊ वर्षांची होते. रक्त बघून किंचाळले. आजोबांनी त्याला टॉवेलमध्ये घेतलं आणि आईला सांगितलं, माझा हात लागला. त्यानंतर मी आलेच नाही. त्याच्याकडे बघवत नव्हतं."

मी आत आलो. मास्तर पापुद्रा फडक्यावर वाळत घालत होते.

"मास्तर, ऋतुजा म्हणते तिनं ओढला होता."

"लेकरू होतं ते. त्याला काय आठवायलंय?" मास्तर म्हणाले. "मी ओढला."

दोन साक्षीदार, दोन जबाब.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ऋतुजा परभणी स्टेशनवर उतरली. मास्तर आणायला गेले नाहीत, नळाचा दिवस होता. मी गेलो. घरी येताच ती बॅग न ठेवता टपाशी बसली. तेराव्या चौकटीवरून तिनं एक बोट फिरवलं.

"आजोबा, मीच ओढला होता ना?"

"नळ जाईल. बादली लाव."

तिनं बादली लावली. पाणी भरून झाल्यावर मास्तरांनी शिलाई मशीनवरचं कापड काढलं, टेप गळ्यात घातला आणि मापाची वही उघडली. ऋतुजाच्या पानावर शेवटचं माप एका फ्रॉकचं होतं. त्यांनी तिला भिंतीशी उभं केलं. खांदा घेतला, बाही घेतली, उंची घेतली.

"आजोबा, मी आता वाढत नाही हो."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि उंचीत दोन बोटं जास्त धरून लिहिलं.